राज्ये दोन, जातीचा मात्र पत्ता नाही

चेतन भगत यांची ‘टू स्टेट्स’ २००९ साली आली, २०१४ साली तिच्यावर हिंदी सिनेमा निघाला. पूर्णा, गंगाखेड, जिंतूरकडची, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेली आमची पोरेही अशी पुस्तके हौसेने वाचतात. खुशाल वाचावीत. प्रेमाच्या गोष्टीला आमचा विरोध नाही, हसण्याला तर मुळीच नाही. पण पुस्तक मिटल्यावर हाती काय लागते, हे विचारावेच लागेल.

नायक क्रिश मल्होत्रा पंजाबी, नायिका अनन्या स्वामिनाथन तमिळ ब्राह्मण. दोघे अहमदाबादच्या आयआयएममध्ये भेटतात, मेसच्या सांबारावरून ओळख होते आणि पुढचे अख्खे पुस्तक आईबापांची मनधरणी करण्यात जाते. क्रिश चेन्नईला बदली घेतो, मेव्हण्याची शिकवणी घेतो, सासऱ्याला कॉम्प्युटरवर सादरीकरण करून देतो, सासूला मोठ्या गायकांबरोबर मंचावर बसवतो. विनोद ठीक आहे, काही ठिकाणी हसूही येते. पण भांडण कशाचे? म्हणे भाषेचे, जेवणाचे, कातडीच्या रंगाचे. मुलगी ब्राह्मण आहे हे पानोपानी कळते, तरी जात ही सासरच्या खोडकर सवयींपैकी एक सवय असल्यासारखी येते नि जाते. दोघेही आयआयएमचे, दोघांनाही गलेलठ्ठ नोकऱ्या, मग समजूत पटायला कितीसा वेळ लागणार? पळून जायचे नाही, दोन्हीकडचे आईबाप हसले पाहिजेत, हा या प्रेमिकांचा निर्धार. ज्यांचे आईबाप कोयता घेऊन बसत नाहीत, त्यांना असा निर्धार परवडतो!

नायक पंजाबी आहे म्हणून आठवण होते. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहिले. जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि लोक तो करत नाहीत कारण शास्त्रांचे पावित्र्य त्यांच्या डोक्यात बसले आहे, असे त्यांनी त्यात मांडले. मंडळ घाबरले, परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. भगतांच्या पंजाब्यांना यातले काहीच ऐकू आलेले नाही.

सिनेमा पडद्यावर आला १८ एप्रिल २०१४ रोजी. त्यानंतर दहाच दिवसांनी, २८ एप्रिलला, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे १७ वर्षांच्या नितीन आगेचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढा संशय पुरला. साक्षीदार फुटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या शेजारच्या नांदेडात जातीबाहेरच्या प्रेमापायी तरुणाचा जीव गेला. त्याच्या प्रेयसीने त्याच्या मृतदेहाशी लग्न लावले. तिथे कुणाची कसली मनधरणी करायची होती?

विनोदी प्रेमकथेत खून आणा, असे आमचे म्हणणे नाही. ‘सैराट’ने २०१६ मध्ये पहिला अर्धा भाग भरपूर हसवले होते, जात एका क्षणासाठीही न लपवता. विनोदाला जातीचे वावडे नाही, ते लेखकाला आहे.

सामग्री तर आपल्याच जिल्ह्यात पडलेली आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करायची तर आधी ३० दिवसांची नोटीस लावावी लागते. परभणीच्या कचेरीतल्या फलकावर आपली नावे लागलेली, आणि सातबारा काढायला, खरेदीखत करायला रोज कोणी ना कोणी गावचा माणूस शहरात येणार! सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराण्याची किंवा समाजाची संमती लागत नाही. हा निकाल त्या फलकासमोर रेंगाळणाऱ्या मामाला कोण समजावणार? मित्र एकाआड एक पहारा देतात, एखादा फलकापुढे छत्री उघडून उभा राहतो, साक्षीदार ऐनवेळी एसटी चुकवतो. महिनाभराच्या या धावपळीत हसू आहे, धडकीही आहे. कोणी लिहिली असेल तर आम्ही ती कादंबरी एका बैठकीत वाचू.