मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या दस्तऐवजीकरणासाठी चिन्हांकन भाषेची निवड

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिका आणि विकासकांसाठीचे संदर्भलेखन बहुधा साध्या मजकुरात ठरावीक खुणा घालून केले जाते. खुणांच्या या पद्धतीस चिन्हांकन भाषा म्हणतात. तिची निवड वरकरणी तांत्रिक बाब असली, तरी लेखनात कोण सहभागी होऊ शकेल हे बऱ्याच अंशी तीच ठरवते.

प्रमुख पर्याय

डॉकबुक ही भाषा प्रकरण, तळटीप, आज्ञा अशा प्रत्येक घटकाचा अर्थ स्वतंत्र खुणेने नोंदवते. त्यामुळे एकाच मजकुरातून संकेतस्थळाची पाने व पीडीएफ दोन्ही तयार करता येतात. मात्र तिच्या एक्सएमएल स्वरूपात एक खूण बंद करायची राहिली, तरी संपूर्ण दस्तऐवज सदोष ठरतो.

जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्कडाउन याउलट अल्पावधीत शिकता येते. तिच्या मूळ रूपात तक्ते व तळटीपा यांसाठी खुणा नाहीत. ही उणीव निरनिराळ्या साधनांनी आपापल्या परीने भरून काढल्याने तिच्या अनेक पोटभाषा झाल्या. २०१४ मध्ये पुढे आलेल्या कॉमनमार्क या मानकाने मूळ नियमांतील संदिग्धता कमी केली; तक्ते मात्र त्याच्याही कक्षेबाहेर राहिले.

रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट आणि अ‍ॅस्कीडॉक या दोन भाषा मध्यम मार्गाच्या आहेत. त्यांत तक्ते, तळटीपा व परस्परसंदर्भ यांची सोय असूनही मूळ मजकूर वाचनीय राहतो.

लिनक्स कर्नेलमधील स्थित्यंतर

लिनक्स कर्नेलचे औपचारिक दस्तऐवजीकरण दीर्घकाळ डॉकबुकमध्ये होते. त्याखेरीज शेकडो साध्या मजकूर-फायली विखुरलेल्या होत्या. सी भाषेतील संहितेमधील टिपा वेगळ्या काढून त्या डॉकबुकमध्ये गुंफणारी साखळी गुंतागुंतीची होती आणि तिच्या देखभालीस फारसे कोणी पुढे येत नसे. २०१६ मध्ये अ‍ॅस्कीडॉक व रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट यांचा तौलनिक विचार होऊन दुसरीची निवड झाली. तिच्यासोबत स्फिंक्स हे साधन स्वीकारले गेले आणि त्याच वर्षीच्या ४.८ या आवृत्तीपासून ही पद्धत लागू झाली. पायथन भाषेच्या दस्तऐवजीकरणासाठी निर्माण झालेले स्फिंक्स तोवर सुस्थिर झालेले होते. तथापि कर्नेलचे विकासक पुष्कळदा मूळ फाइलच वाचतात. म्हणून खुणांचा अतिरेक टाळावा, अशी सूचना प्रकल्पाच्या लेखन-मार्गदर्शिकेतच आहे.

फ्रीबीएसडी प्रकल्पानेही जानेवारी २०२१ मध्ये डॉकबुकचा त्याग केला; त्याने मात्र अ‍ॅस्कीडॉक स्वीकारली. एकाच अडचणीतून निघालेले हे दोन प्रकल्प भिन्न ठिकाणी पोहोचले, यावरून सर्वांस सोयीची अशी एकच भाषा नाही, हे स्पष्ट होते.

भाषांतराचा प्रश्न

मराठीसारख्या भाषांच्या दृष्टीने या निवडीस आणखी एक बाजू आहे. स्फिंक्स मूळ मजकुराचे परिच्छेदनिहाय तुकडे करून ते गेटटेक्स्टच्या पीओ फायलींत देऊ शकते. मूळ परिच्छेद बदलल्यास तेवढाच तुकडा पुन्हा तपासावा लागतो. अशी सोय नसल्यास भाषांतरकाराला संपूर्ण फाइलची तुलना करावी लागते, आणि मोजक्या स्वयंसेवकांवर चालणारे भाषांतर लवकरच कालबाह्य होते.

मूल्यमापन

काटेकोर रचनेचा लाभ वाचकास व भाषांतरकारास मिळतो, तर तिचा भार लेखकावर पडतो. सुलभ भाषेत हा भार हलका होतो, पण प्रकल्प वाढल्यावर रचनेची उणीव जाणवू लागते. मार्कडाउनच्या धाटणीत स्फिंक्सच्या सुविधा देणारी मिस्ट ही अलीकडील भाषा हे अंतर कमी करू पाहते. स्थलांतरास मोठे श्रम लागत असल्याने आरंभीची निवड प्रकल्पावर अनेक वर्षे परिणाम करते. डॉकबुक दोन्ही प्रकल्पांतून मागे पडली ती सामर्थ्य कमी होते म्हणून नव्हे. तिच्यात लिहिण्यास तयार असलेले हात अपुरे पडले म्हणून.