सहीचे मोल आणि कुंभाराचा हात

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी यांनी २० मार्च १९२७ रोजी प्राशन केले. त्यानंतर तळे ‘बाटले’ असे ठरवून सनातन्यांनी त्याची शुद्धी केली. त्या विधीत पंचगव्याबरोबर मातीच्या १०८ घागरी वापरण्यात आल्या. विधी करणारे आणि विरोध करणारे यांची नोंद इतिहासाने ठेवली. घागरी घडविणाऱ्या कुंभाराची मात्र ठेवली नाही.

यात नवल नाही. धातूचे भांडे बाटले तर घासून घ्यावे, मातीचे फोडून टाकावे, असा रूढीचा दंडक होता. या दंडकाने कुंभाराला मागणी मिळत राहिली, परंतु त्याच्या वस्तूला टिकाऊ मोल कधीच लाभले नाही. त्याचा मोबदला बलुत्याच्या धान्यात ठरे. नावाचा प्रश्नच नव्हता.

आज तीच माती महानगरांतील कलादालनांत काचेआड मांडली जाते. इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच यांनी १९२० साली सेंट आइव्हज येथे भट्टी उभारली. आपल्याकडे सरदार गुरचरणसिंग यांनी दिल्लीत आणि १९७१ पासून रे मीकर व डेबोरा स्मिथ यांनी पाँडिचेरीत ही परंपरा रुजविली. बाराशे अंश सेल्सिअसच्या वर भाजलेले, झिलई चढविलेले आणि तळाशी कलावंताची सही असलेले हे पात्र संग्राहक विकत घेतो, ते पाणी भरण्यासाठी नव्हे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे दोन बाजारपेठा आहेत. माठाला रेफ्रिजरेटर आणि प्लॅस्टिकची बाटली हे पर्याय आहेत. म्हणून त्याची किंमत वाढू शकत नाही. सहीला पर्याय नाही. म्हणून तिची किंमत दुर्मिळतेने ठरते. कलावंताला मिळणारा अधिक मोबदला अन्याय्य आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. त्यामागे अनेक वर्षांची साधना असते आणि भट्टीत तडकलेल्या पात्रांचे नुकसानही असते. खरा प्रश्न निराळा आहे. सहीच्या बाजारात प्रवेश कोणाला मिळतो?

मुंबईचा दाखला पाहावा. १८७० च्या दशकात जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली, सिंधच्या झिलईकामाचा आधार घेऊन पात्रे घडू लागली. ती लंडनच्या संग्रहालयात पोहोचली, परंतु ओळखली जातात ती शाळेच्या नावाने. चाक फिरविणारे बहुतेक हात अनामिकच राहिले. याला अपवाद आहेत. बिहारच्या कुंभार घराण्यातून येऊन भाईंदरला स्टुडिओ उभारणारे ब्रह्मदेव पंडित यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. परंतु अशा अपवादाने दार अस्तित्वात आहे एवढेच सिद्ध होते. ते उघडे आहे, हे नव्हे.

२०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत कुंभाराचा समावेश आहे. पाच टक्के व्याजाने, दोन टप्प्यांत, तीन लाखांपर्यंत कर्ज आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपये ही मदत स्वागतार्हच होय. तथापि, जुन्याच बाजारात अधिक माठ आणले तर भाव आणखी पडेल. उच्च तापमानाची सामाईक भट्टी, झिलईचे शास्त्रीय शिक्षण, कलाशाळांत कारागिरांच्या मुलांसाठी जागा आणि शासकीय खरेदीतील प्रत्येक पात्रावर घडविणाऱ्याचे नाव, या गोष्टी कर्जाइतक्याच आवश्यक आहेत.

सगळेच कुंभार कलावंत होणार नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. तो खराही आहे. संग्राहक मूठभर, त्यामुळे मागणीही मर्यादित. परंतु जी निवड व्हायची ती गुणवत्तेने व्हावी. ऐपत आणि ओळखीपाळखीने नव्हे.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयाचा अंतिम निर्णय यायला १९३७ साल उजाडले. त्या लढ्याशी दुसऱ्या कशाची बरोबरी करण्याचे कारण नाही. परंतु कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातला प्रवेश यांत केवढे अंतर असते, हे या गावाइतके कोणाला ठाऊक असणार? कारागिरांच्या योजना आखणाऱ्यांनी ते अंतर आधी मोजावे.