पर्समधले पिस्तूल कोणासाठी?

स्त्रियांना शस्त्राचा परवाना सहज मिळावा, त्यासाठी संघटनांनी मार्गदर्शन शिबिरे घ्यावीत, अशी सूचना अलीकडे आपल्याच बैठकांतून ऐकू येऊ लागली आहे. सूचना करणाऱ्यांत माझ्या जवळच्या मैत्रिणी आहेत आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. कोणा पुढाऱ्याने हे म्हटले असते तर मी सोडून दिले असते. चळवळीतून ही मागणी येते तेव्हा मात्र तिचा समाचार घेणे भाग आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. पिस्तुलाबद्दल आपल्याला मागणी करायचीच असेल, तर त्याच्या कपाटातले पिस्तूल काढून घ्या अशी करू या. तिच्या पर्समध्ये आणखी एक घाला अशी नको.

ही कल्पना काही नवी नाही. जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने बायकांना चाकू वाटले होते. जानेवारी २०१४ मध्ये सरकार त्याच्या पुढे गेले. कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने .३२ बोअरचे 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्वर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर ज्या मुलीला देशाने 'निर्भया' म्हटले, तिच्या नावाचाच हा दुसरा शब्द. वजन अर्धा किलो, किंमत सुमारे सव्वा लाख रुपये, आणि दागिने ठेवतात तशा मरून रंगाच्या डबीत घालून द्यायचे. गेलेल्या मुलीच्या नावाने सरकारने वस्तू विकायला काढली, तीही दागिन्याच्या डबीत! मणिपुरात गोळीबाराने उद्ध्वस्त झालेल्या बायकांची संघटना बांधणाऱ्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी तेव्हाच याविरुद्ध आवाज उठवला होता. आपण महाराष्ट्रात मात्र थोडे हसून विषय सोडून दिला. पुढे इशापूरच्या कारखान्याने .२२ चे, जेमतेम पाव किलोचे 'निडर' काढले. २०२३ मध्ये कानपूरहून सातशे ग्रॅमचे, पन्नास मीटरपर्यंत मारा करणारे 'प्रबल' आले आणि बायकांना तेही पर्समधून नेता येईल अशी भलामण झाली. पन्नास मीटरवर उभा असलेला माणूस बाईवर बलात्कार कसा करतो, ते कारखानदारच जाणोत.

बरे, बाईने खरोखरच लहान पिस्तूल निवडायचे ठरवले तर काय काय होते, तेही नीट पाहू. तत्त्वाच्या गप्पांत हे कोणी सांगत नाही. हत्यार जितके लहान आणि हलके, तितका गोळी सुटताना हाताला बसणारा झटका मोठा. नळी आखूड, त्यामुळे नेम चुकायला हाताची जराशी थरथर पुरते. रिव्हॉल्वरचा चाप लांब आणि जड असतो, बोटात ताकद लागते, आणि ती सरावानेच येते. जड हत्यार घेतले तर ते चार दिवसांत घरी कपाटात पडून राहते. म्हणजे जे बाळगायला सोपे ते चालवायला अवघड, आणि जे चालवायला सोपे ते बाळगायला अवघड. सराव कुठे करायचा? नेमबाजीचे रेंज मोठ्या शहरांत, काडतुसे परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेइतकीच. वर्षातून एकदा बार उडवणारी बाई ऐन वेळी काय करील?

आणि ठेवायचे कुठे? खिशात पिस्तूल बाळगण्याचा पहिला नियम असा की चाप पूर्ण झाकणारे म्यान हवे आणि त्या खिशात दुसरे काहीही नको. आपल्या साडीला खिसा नाही, पंजाबी ड्रेसला असला तर रुमालापुरता. राहिली पर्स. तिच्यात डबा, रेल्वेचा पास, किल्ल्या, छत्री, सासूबाईंच्या औषधाच्या गोळ्या. शिवाय हल्ला करणारा सर्वांत आधी पर्सच ओढतो. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये मोजून दाखवले की सुरा घेतलेला माणूस २१ फूट अंतर दीड सेकंदात कापतो. म्यानातून पिस्तूल काढून गोळी झाडायला तयार पोलिसालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. इमारतीच्या लिफ्टमध्ये २१ फूट नसतात. स्वयंपाकघरातही नसतात.

३० डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात हेडन या गावी एक तरुण आई दुकानात खरेदी करत होती. पिस्तुलासाठी खास कप्पा असलेली पर्स तिला नवऱ्याने नाताळची भेट म्हणून दिली होती. दोन वर्षांच्या मुलाने कप्प्याची चेन उघडली आणि आई जागच्या जागी गेली. ती निष्काळजी नव्हती, तिला हत्यार चालवता येत होते. परवाना मार्गदर्शनाच्या पत्रकात ही घटनाही छापावी, एवढीच माझी विनंती आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. हे पिस्तूल रोखायचे कोणावर? जाहिरातीत तो अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी गुंड असतो. ज्या २०१२ सालाने 'निर्भीक'ला जन्म दिला, त्याच वर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने बलात्काराच्या २४,९२३ घटना नोंदवल्या आणि त्यांतल्या २४,४७० घटनांत आरोपी बाईच्या ओळखीचा होता. शंभरातले अठ्ठ्याण्णव! शेजारी, काका, मालक, प्रियकर, गुरुजी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. जी बाई माहेरी फोन करायला घाबरते, ती सासरच्या माजघरात रिव्हॉल्वर रोखून उभी राहील, ही कल्पना करायला सिनेमावाल्याची बुद्धी लागते.

कायदाही इथे तिच्या मागे उभा नाही. बलात्काराच्या हेतूने हल्ला झाला तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय दंड विधानाच्या कलम १०० मध्ये होता, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच संहितेत नवऱ्याने सज्ञान बायकोवर केलेला बलात्कार हा बलात्कार नाही. मग नवऱ्यापुढे ती या आधारावर कशी उभी राहणार? सरकार तिला हत्यार विकायला तयार आहे, पण कोणावर ते चालवले तर गुन्हा नाही याची यादी सरकारच्याच हातात आहे.

घरातले पिस्तूल प्रत्यक्षात काय काम करते, हे मी ज्या सल्ला केंद्रात बसते तिथे रोज नाही तरी अधूनमधून दिसते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली बाई आली होती. नवरा जमिनीच्या व्यवहारातला, रिव्हॉल्वर परवान्याचे, कारण 'स्वसंरक्षण'. मारहाणीच्या खुणा जुन्या होत्या. मी विचारले, हत्याराने कधी धमकावले का? ती म्हणाली, "नाही हो ताई, कधी उगारलं पण नाही. जेवण झालं की टीव्हीपुढं बसून फडक्यानं पुसायचे. काडतुसं काढून ओळीनं मांडायचे. मला म्हणायचे, मोज." ती मोजायची. सहा वर्षे मोजत होती. तक्रारीच्या वेळी आम्ही रिव्हॉल्वरचा उल्लेख केला, तर ठाण्यातले साहेब म्हणाले, "परवाना आहे ना, मग प्रश्न काय?" त्या हत्यारातून एकही गोळी सुटलेली नव्हती, म्हणून त्यांच्या लेखी ते वापरलेच गेलेले नव्हते.

या बाईच्या हातात दुसरे रिव्हॉल्वर दिले असते तर? ज्या घरात तिच्या मंगळसूत्राची किल्ली सासूकडे, बँकेचे पुस्तक नवऱ्याकडे, तिथे सव्वा लाखाचे हत्यार कोणाच्या कपाटात गेले असते, हे सांगायला नको. जमीन बायकोच्या नावावर आणि ताबा नवऱ्याचा, सरपंचपद बायकोचे आणि सही नवऱ्याची, हे आपण पाहिले आहे. परवानाही तिच्या नावावर निघेल!

अमेरिकेचा दाखला नेहमी दिला जातो, म्हणून तोही तपासू. तिथे १९८९ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने बायकांच्या हाताला बसेल असे 'लेडीस्मिथ' काढले. १९९२ मध्ये कोल्ट कंपनीने गृहिणींच्या मासिकात मुलीला झोपवणाऱ्या आईचे चित्र आणि त्याखाली पिस्तुले अशी जाहिरात दिली. १९९३ पासून रायफलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने खास बायकांसाठी मोहीम चालवली. इतके करून काय झाले? २००३ मध्ये जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा शहरांतल्या जोडीदाराने केलेल्या स्त्रीहत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मारहाण करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका पाचपटीहून जास्त निघाला. वेगळे राहून स्वतःची बंदूक बाळगणाऱ्या बायकांना तिचे संरक्षण मिळाल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. आणि बंदुकीला हक्क मानणाऱ्या त्या देशाच्या संसदेनेच १९९४ मध्ये कोर्टाचा संरक्षण आदेश असलेल्या पुरुषाला आणि १९९६ मध्ये कौटुंबिक मारहाणीत दोषी ठरलेल्याला बंदूक बाळगायला बंदी केली. २०२४ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ ची बंदी योग्य ठरवली. आपण तिथून जाहिरात उचलली आणि कायदा तिथेच ठेवला.

यावर मैत्रिणी म्हणतात, मग बाईने मुकाट मार खायचा का? पुरुषांना परवाने मिळतात तर बायकांना का नकोत? आम्ही काही अहिंसेचे व्रत घेतलेले नाही. मुलींनी ज्युदो-कराटे शिकावे, दांडके उचलावे, पाठ करून पळावे, जे सुचेल ते करावे. कोणा एकीने परवाना काढला तर तिला मी नावे ठेवणार नाही. पण चळवळीची मागणी म्हणून ते मांडले, की त्याचा अर्थ बदलतो. मथुरा आठवते ना? १९७२ मध्ये गडचिरोलीकडच्या देसाईगंज पोलीस ठाण्यात बलात्कार झाला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले, कारण तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. त्यानंतर लढून लढून २०१३ च्या दुरुस्तीत आपण एवढे लिहून घेतले की शरीराने प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती असे नव्हे. उद्या वकील विचारील, बाई, पिस्तूल पर्समध्ये होते, मग झाडले का नाही? आणि जिच्याकडे सव्वा लाख नव्हते तिला विचारतील, सरकारने सोय केली होती, घेतली का नाही? शिवाय हा परवाना देणार कोण? जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त, तोही पोलीस ठाण्याच्या अहवालावर. मथुरेने अर्ज कोणत्या ठाण्यात करायचा होता?

जातीचा मुद्दा काढणाऱ्या मैत्रिणींचे म्हणणे अधिक वजनदार आहे. १९९५ च्या ॲट्रॉसिटी नियमांत दलित-आदिवासींना शस्त्र परवाने देण्याची तरतूद आहे, हे त्या बरोबर दाखवतात. पण त्याच नियमातला क्रम पाहा. अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात आधी इतरांचे परवाने रद्द करून हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करायची, मग बेकायदा हत्यारे जप्त करायची, आणि नंतर गरज वाटल्यास परवाने द्यायचे. वरच्याच्या हातातले आधी काढा, हे तत्त्व आपल्या कायद्याने मान्य केलेले आहे. ते घराच्या उंबऱ्याशी येऊन का थांबावे?

निवडणूक लागली की गावोगाव परवानाधारकांच्या यादीची छाननी होते आणि धोका वाटेल त्यांना बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या वेळी 'परवाना आहे ना' असे कोणी साहेब म्हणत नाहीत. मतदाराला धाक नको म्हणून दीड महिना जे होते, ते तक्रार केलेल्या बायकोसाठी का होऊ नये? त्याला नवा कायदाही लागत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित वा रद्द करता येतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत, दंडाधिकाऱ्यांनी लेखी सांगितल्यास हिंसेतले हत्यार पोलिसांच्या मदतीने जप्त करण्याचे काम संरक्षण अधिकाऱ्याकडे दिलेले आहे. ही ओळ किती संरक्षण अधिकाऱ्यांनी वाचली असेल? कॅनडात तर परवान्याच्या अर्जावर सध्याच्या किंवा पूर्वीच्या जोडीदाराची सही मागतात आणि सही नसेल तर तिला कळवतात. आपल्याकडे बायकोला विचारावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

टीव्हीपुढे काडतुसे मोजणाऱ्या त्या बाईच्या प्रकरणात आम्ही दोन अर्ज दिले. एक कोर्टात, हत्यार जमा करण्यासाठी. दुसरा परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे, कलम १७ खाली. दुसऱ्या अर्जाची पोच मिळायलाच तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या महिन्यात रिव्हॉल्वर ठाण्यात जमा झाले. पोटगीचा निकाल अजून व्हायचा आहे. तेव्हापासून आम्ही पहिल्या मुलाखतीच्या फॉर्ममध्ये चार प्रश्न घातले आहेत. घरात, शेतावर किंवा गाडीत हत्यार आहे का? परवाना कोणाच्या नावावर आहे? ते कुठे ठेवतात? तुमच्यासमोर कधी बाहेर काढतात? शेवटचा प्रश्न विचारताना 'कधी रोखले का' असे विचारू नये. उत्तर 'नाही' असे येते. दोन्ही अर्जांचे मसुदे ज्या गटांना हवे असतील त्यांनी संपादक मंडळाकडे पत्र टाकावे, आणि तुमच्या तालुक्यात असा अर्ज कोणी केला असेल तर त्याचे काय झाले तेही कळवावे.