ओसाड पाटण आणि नांदती डिंडोली

चाळीसगावच्या नैऋत्येस, सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटण हे मध्ययुगीन गाव होते. यादवांचे मांडलिक निकुंभ राजे तेथून राज्य करीत. आज तेथे जंगल, भग्नावशेष, महेश्वराचे कोरीव मंदिर आणि पाटणादेवीचे स्थान एवढेच उरले आहे. बाजारपेठ ओस पडली. परंतु तिची भाषा मात्र टिकली.

ती टिकली शके ११२८ च्या शिलालेखामुळे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला आणि निकुंभ सोइदेवाने त्यास दान दिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख १८६५ साली विद्वानांपुढे आणला. लेखातील वंशवर्णन व राजस्तुती संस्कृतात आहे. मात्र बाजारातील मालावर मठाला काय द्यावे, तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे किती पळ्या तेल द्यावे, हे शेवटी मराठीत कोरले आहे. कारण उघड आहे. ज्याने द्यायचे, त्या तेल्याला आणि व्यापाऱ्याला ते कळले पाहिजे.

आमच्या मते या दगडाचा खरा बोध हाच आहे. भाषा केवळ स्तुतीने जगत नाही, देण्याघेण्याने जगते.

आता सुरतेच्या डिंडोलीकडे पाहावे. जळगाव, धुळे, नंदुरबार येथून आलेली असंख्य मराठी व अहिराणी कुटुंबे येथे नांदत आहेत. गणेशोत्सवात, लग्नाच्या मांडवात, ओव्या-गाण्यांत त्यांची भाषा दुमदुमते. परंतु पावती, हिशेब, सूचना, करार यांत ती क्वचितच दिसते. पाटणला माणसे गेली आणि लेखी व्यवहार मागे उरला. डिंडोलीत माणसे भरपूर आहेत, पण लेखी व्यवहार नाही. उद्या या वस्तीचा इतिहास कोणी शोधू लागला, तर त्याला मराठीची कोणती खूण सापडेल?

आमचा गुजरातीशी तंटा नाही. ज्या राज्यात राहतो त्याची भाषा मुलांनी उत्तम शिकावी. पाटणच्या एकाच शिळेवर दोन भाषा सुखाने नांदल्या, तशाच एका वहीवर दोन लिप्याही नांदू शकतात.

म्हणून डिंडोलीतील मंडळांनी वर्गणीच्या पावत्या, बचत गटांनी हिशेबाच्या वह्या आणि सोसायट्यांनी फलकांवरील सूचना गुजरातीबरोबर मराठीतही लिहाव्यात. त्यासाठी शासनाची परवानगी लागत नाही, राजाचे दानही लागत नाही.