आकाशांतील पेठ आणि कोठाराची किल्ली

गेल्या महिन्यांत एके रात्रीं आमचा धाकटा नातू आमच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. वय एकोणीस, शिक्षण अभियांत्रिकीचें. आजोबांशीं बोलण्याचा प्रसंग एरवीं जेवणाच्या पानावरच यावयाचा. आम्हीं चष्मा काढून ठेवला. तो म्हणाला, "आजोबा, जी गोष्ट करण्यास नियमाची आडकाठी नाहीं, जिच्याबद्दल शिक्षा नाहीं, आणि जी करणार नाहीं असें मीं कोणाला लिहूनहि दिलेलें नाहीं, ती केली तर तें पाप कसें?" छत्तीस वर्षें शाळेंत काढल्यावर एवढें आम्हांस कळतें, कीं असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी कांहीं तरी करण्याच्या बेतांत असतो. आम्हीं त्यास बसावयास सांगितलें.

प्रकरण निघालें एका खेळाचें. संगणकावर बसून अंतराळांत यान हांकावयाचें, एकीकडचा माल दुसरीकडे विकावयाचा, वाटेंत चांचे आडवे आले तर लढावयाचें, असा तो खेळ. त्यांत तो चाळीसएक खेळाडूंच्या एका मंडळीचा सभासद आहे, आणि मंडळीच्या सामायिक कोठाराची किल्ली दोन वर्षें त्याच्याकडे आहे. आतां प्रतिपक्षाकडून निरोप आला होता: कोठार रिकामें करून आमच्याकडे ये, निम्मा माल तुझा. खेळ चालविणारी कंपनी अशा कृत्यास गुन्हा मानीत नाहीं व गेलेला माल परतहि मिळवून देत नाहीं.

"असला खेळ आजच बंद कर," हें वाक्य आमच्या ओठांपर्यंत आलें होतें. परंतु तें उत्तर नव्हे, तो हुकूम झाला. आणि हुकुमानें प्रश्न मिटत नाहीं, तो दाराआड जातो. म्हणून आम्हीं म्हटलें, "अगोदर हा खेळ काय आहे तें आम्हांस समजावून दे." पुढें चार रात्री तो गुरु झाला व आम्ही टिपणें घेत बसलों. त्यांतून जें उमगलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण अशीं मुलें आज घरोघर आहेत.

ह्या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'एलिट'. केंब्रिज येथें शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल ह्या दोघां तरुणांनीं तो रचिला, आणि सप्टेंबर १९८४ मध्यें 'बी.बी.सी. मायक्रो' नांवाच्या संगणकासाठीं तो विक्रीस आला. त्या यंत्राची स्मरणशक्ति अवघी ३२ किलोबाइट. एवढ्याशा जागेंत त्यांनीं ८ आकाशगंगा व प्रत्येकींत २५६, म्हणजे एकूण २,०४८ ग्रहमंडळें बसविलीं. ग्रहांची यादी त्यांनीं सांठवून ठेवलीच नव्हती. थोड्या संख्या बीजासारख्या घ्यावयाच्या, आधींच्यांच्या बेरजेनें पुढची काढीत जावयाची, आणि त्या संख्यांवरून ग्रहाचें नांव, राज्यपद्धति व व्यापार हें सर्व हवें त्या क्षणीं उत्पन्न करावयाचें. मात्रावृत्तांत लघुगुरूंच्या रचना किती होतात हें मोजण्यासाठीं विरहांकानें व पुढें बाराव्या शतकांत हेमचंद्रानें सांगितलेली रीत ह्याच कुळांतली: १, २, ३, ५, ८. वृत्तें शिकवितांना आम्हीं फळ्यावर कितीदां तरी लिहिलेली ही माळ असे ग्रह प्रसवील, हें आमच्या स्वप्नांतहि आलें नव्हतें.

त्या काळीं संगणकावरील खेळ म्हणजे तीन जीव द्यावयाचे, गुण मोजावयाचे व दहा मिनिटांत खेळाडूस बाहेर काढावयाचें, असा साधारण प्रघात होता. 'एलिट'मध्यें ठराविक शेवट नव्हता. हातीं १०० क्रेडिट व एक यान देऊन खेळाडूस मोकळा सोडिला होता. शेतकीच्या ग्रहावर धान्य स्वस्त, कारखान्यांच्या ग्रहावर संगणक स्वस्त; इकडचें तिकडे न्यावें व मधला फरक गांठीस बांधावा. मालाच्या यादींत मादक पदार्थ होते, शस्त्रें होतीं, आणि गुलामहि होते. असला माल घेऊन निघाल्यास पोलिसांची यानें मागें लागत. परंतु 'घेऊं नको' म्हणून हात कोणी धरीत नसे.

ही मोकळीक मोठी खरी. पण तींत एक उणेपणा आम्हांस दिसला. एकच माल त्याच पेठेंत शंभर वेळां ओतला तरी त्या ओझ्यानें भाव उतरत नसे. दुसरा हाडामांसाचा व्यापारी तेथें नव्हताच. गुलाम विकले तरी ते यादीवरचे शब्द. रडणारें कोणी नव्हतें. ज्या कृत्यानें कोणाचें कांहींच बिघडत नाहीं, तें करण्याची मुभा म्हणजे ओसाड माळावर हवी ती वाट धरण्याची मुभा. तेथें लबाड होतां येत नाहीं, आणि म्हणूनच सचोटीचेंहि होतां येत नाहीं.

नातवाचा खेळ ह्याच्या पुढच्या पिढीचा. त्याचें नांव 'ईव्ह ऑनलाइन'. आइसलंडची राजधानी रेक्याविक येथील सी.सी.पी. कंपनीनें तो मे २००३ मध्यें सुरू केला. येथें देशोदेशींचे हजारों खेळाडू एकाच जगांत वावरतात. खाणींतून धातु काढणारा माणूस, त्याचें यान घडविणारा माणूस, तें विकणारा, तें फोडणाराहि माणूसच. 'जिता' नांवाची तेथील सर्वांत मोठी पेठ कंपनीनें वसविलेली नाहीं. व्यापारी जेथें जमले तेथें ती वाढली, जशा नद्यांच्या संगमावर पेठा वाढल्या. सुरक्षित प्रदेशांत पोलीस आहेत, परंतु ते हल्लेखोरास शासन करावयास धांवतात, सांपडलेल्यास वांचवावयास नव्हे. दूरच्या प्रदेशांत तेहि नाहींत. एकदां फुटलेलें यान पुन्हां मिळत नाहीं. त्यामुळें भीति खरी, आणि नफाहि खरा.

मग असल्या जगांत राजाचें काम कोणतें? येथें आम्हांस कौटिल्य आठवला. त्याच्या अर्थशास्त्रांत वजनमापांवर पौतवाध्यक्ष आहे, मालावर पण्याध्यक्ष आहे, नाण्यांवर लक्षणाध्यक्ष आहे. इतकेंच नव्हे, तर स्वदेशी मालावर शेंकडा ५ व परदेशी मालावर शेंकडा १० एवढाच नफा व्यापाऱ्यानें घ्यावा असा निर्बंध आहे. 'ईव्ह'चे चालक खेळाडूंच्या मालाचा भाव बांधून देत नाहींत. ते हौदाचीं दोन तोंडें संभाळतात. यंत्रानें निर्मिलेले चांचे मारल्याबद्दल इनाम मिळतें, त्या वाटेनें नवा पैसा जगांत येतो. विक्रीवरील कर, दलाली, विद्येचीं पुस्तकें ह्या वाटांनीं तो नाहींसा होतो. येणें वाढलें व जाणें घटलें तर पैसा स्वस्त होतो, आणि नव्यानें येणाऱ्या गरीब खेळाडूस साधें यानहि महाग पडतें. उलट झालें तर व्यापार आंखडतो. ह्या पाण्याची पातळी पाहण्यासाठीं कंपनीनें २००७ मध्यें डॉ. एयोल्फुर गुडमुंडसन ह्या अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली होती. ते पुढें २०१४ मध्यें आइसलंडमधील अकुरेरी विद्यापीठाचे कुलगुरु झाले. खेळाच्या हौदावर बसलेला माणूस विद्यापीठ चालवावयास गेला, तेव्हां हा पोरखेळ असें म्हणून उडवून लावण्याचा आमचा धीर सुटला.

ह्या जगांत गाफीलपणाची किंमत काय पडते पाहा. जानेवारी २०१४ मध्यें एका मंडळीकडून आपल्या प्रदेशाचा नेहमींचा कर वेळेवर भरला गेला नाहीं. मालकी सुटली, शत्रु चालून आला, आणि सुमारें एकवीस तास चाललेल्या त्या लढाईंत साडेसात हजारांवर खेळाडू गुंतले. 'टायटन' जातीचीं ७५ प्रचंड यानें तींत नष्ट झालीं. एक बिल भरावयाचें राहिलें, त्याचा हा शेवट! कंपनीनें कोणाचेंहि नुकसान भरून दिलें नाहीं, आणि द्यावें असें खेळाडूंसहि वाटलें नाहीं.

परंतु ह्याच खेळाडूंनीं त्यापूर्वीं, २०११ च्या उन्हाळ्यांत, बंड केलें होतें, आणि तें फार शिकण्यासारखें आहे. कंपनीनें खऱ्या पैशांत शोभेच्या वस्तु विकण्याचें दुकान उघडलें. त्यांत एका डोळ्यावर लावावयाच्या भिंगाची किंमत ६० डॉलरांहून अधिक होती. भिंग हें निमित्त; उद्यां हीच कंपनी पैसेवाल्यास बलवान यान व शस्त्रेंहि विकील, असा संशय पसरला. हजारों खेळाडू जिता येथें जमून तेथील स्मारकावर तोफा डागूं लागले. खेळाडूंनीं निवडून दिलेलें एक मंडळ २००८ पासून आहे. त्याच्या प्रतिनिधींस कंपनीस रेक्याविकला बोलवावें लागलें, आणि ऑक्टोबर २०११ मध्यें कंपनीच्या प्रमुखांनीं जाहीर क्षमा मागितली. शेजाऱ्यानें लुटलें तर जे हंसून सोसतात, ते राजानें तराजूच्या दांडीला बोट लावतांच खवळून उठले. लुटारू हा त्यांच्यासारखाच एक. दोघांच्या डोक्यावर नियम एकच. राजा मात्र पेठेंत उतरला कीं पेठच उरत नाहीं.

येथवर आमचें व नातवाचें एकमत झालें. "मग आजोबा," तो म्हणाला, "राजा न्यायी आहे, नियम उघड आहेत, आणि नियमांत चोरीस बंदी नाहीं. मग माझें काय चुकतें?"

त्यानेंच आदल्या रात्रीं सांगितलेली एक हकीगत आम्हीं त्याच्यापुढें ठेविली. ह्याच खेळांत खेळाडूंनीं चालविलेली एक पेढी होती. २००९ मध्यें तिच्या एका प्रमुखानें ठेवींतील सुमारें २०० अब्ज नाणीं उचललीं व बाहेर खऱ्या पैशांस विकलीं. कंपनीनें त्यास खेळांतून काढलें; परंतु तें खऱ्या पैशांच्या विक्रीबद्दल, ठेवी उचलल्याबद्दल नव्हे. ठेवीदार मात्र कशाला रडले? त्यांनीं नियमांवर विसंबून ठेवी ठेविल्याच नव्हत्या. माणसावर विसंबून ठेविल्या होत्या. बातमी फुटतांच पेढीवर झुंबड उडाली.

"तूं लिहून दिलें नाहींस म्हणतोस," आम्हीं म्हटलें. "अरे, त्यांनीं लिहून घेतलें नाहीं, ह्यालाच विश्वास म्हणतात. आमच्या शाळेच्या पुस्तकपेढीची किल्ली वीस वर्षें आमच्या जानव्याला होती. कोणीं पावती घेतली नाहीं, मोजदाद केली नाहीं. घेतली असती तर आम्ही नोकर ठरलों असतों. तुझ्या त्या जुन्या खेळांत तूं दहा जगें लुटलींस तरी चोर झाला नसतास, कारण फसणारा कोणी नव्हता. ह्या खेळांत तुला चोर होतां येतें, म्हणूनच येथें तुला विश्वासू होतां येतें. राजानें तराजू सरळ धरावा. तें त्याचें काम. किल्लीचें काय करावें, हें त्यानें तुझ्यावर सोडलें आहे. तो नियम त्यानेंच केला असता तर तुझ्यापाशीं राहिलें काय असतें?"

तो कांहीं बोलला नाहीं, उठून गेला. आमच्या बोलण्याचा उपयोग झाला कीं नाहीं, हें आठ दिवस आम्हांस कळलें नाहीं, आणि विचारावयाचें नाहीं असा आम्हीं निश्चय केला होता.

नवव्या दिवशीं सकाळीं चहा घेतांना त्यानें आपण होऊन सांगितलें. त्यांच्या कोठाराला सात कप्पे असतात. आपल्या प्रमुखास त्यानें आलेला निरोप जसाच्या तसा कळविला, आणि एका कप्प्याखेरीज बाकीच्या सर्व किल्ल्या आपल्याकडून काढून घ्याव्या असें लिहिलें. प्रमुख कोठल्या देशाचा, दिसतो कसा, हें त्यास ठाऊक नाहीं. उत्तर दोन ओळींचें आलें: किल्ल्या तुझ्याकडेच राहूं देत.

"मग?" आम्हीं विचारलें.

"मग काय, ठेवल्या," तो म्हणाला. "पण आजोबा, आतां त्या फार जड लागतात."

तशा त्या लागावयाच्याच. आम्हीं त्याच्या कपांत आणखी थोडा चहा ओतला.