खचलेलं मेडीगड्डा: सिरोंच्याले कोण विचारणार?



२१ ऑक्टोबर २०२३ ला गोदावरीवरच्या मेडीगड्डा बॅरेजच्या सातव्या ब्लॉकमधले खांब खचले. ८५ दरवाजांचं हे धरण जून २०१९ मध्ये सुरू झालं होतं. साडेचार वर्षंही धड गेली नाहीत. पायाखालची वाळू सरकली, असं राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाने म्हटलं आणि पाणी अडवू नका असं बजावलं.

खचलेला भाग दुरुस्त करायचा की कायमचा सोडून द्यायचा, हा वाद हैदराबादेत चालतो. तो काँक्रीटचा, कर्जाचा, पक्षांचा वाद. नदीचा डावा काठ आपल्या सिरोंचा तालुक्याचा आहे, हे त्यात फारसं ऐकू येत नाही. २०१६ च्या करारात महाराष्ट्राने १०० मीटर पातळीला होकार दिला. पाणी चढते आपल्या शेतात, सही झाली मुंबईत!

आमचं मत सरळ आहे: तो भाग पुन्हा उभारू नये. पण नुसत्या रागावर हे टिकणार नाही. सरकारवाले म्हणतील, पूर तर १९८६ मध्येही आला, तेव्हा कुठं होतं धरण? खरं आहे. त्या वर्षी भद्राचलमला पाणी ७५.६ फुटांवर गेलं, जुलै २०२२ मध्ये ७१.३ फुटांवर. मधे इंद्रावती मिळते, म्हणून तेवढ्या आकड्यानं भागत नाही. विचारायचं हे, की २०२२ मध्ये आपल्या गावात पाणी कुठवर चढलं, किती दिवस थांबलं, आणि १९८६ मध्ये किती? हे म्हाताऱ्या माणसांले ठाऊक आहे. संपादनात न आलेल्या कापसा-मिरचीच्या शेतातही पाणी शिरते, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार. शेतात गाळ बसला की वाळू, तेही पाहा. कोणत्याही इंजिनिअरच्या अहवालात हे आपोआप येणार नाही.

सिरोंचा अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा कायदा १९९६ चा. जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी विचारविनिमय त्यात लिहिला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात मासळीवरचा सामूहिक हक्क आहे. ढिवर बांधवांनी तो दाव्यात घातला का?

काठावरच्या ग्रामसभांनी दोन्ही पुरांच्या खुणा सर्वे नंबरसह नोंदवून ठराव घ्यावा, एक प्रत तहसीलदाराले, एक जिल्हाधिकाऱ्याले द्यावी आणि पोच घ्यावी. पावसाळ्याच्या आत.