उद्यान ही चैन नव्हे

सिडनीत स्थिरावलेल्या आपल्या समाजात अलीकडे एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. लोकांना राहायला घर मिळत नाही आणि सरकार मोक्याच्या जमिनी बागबगीच्यांत अडकवून ठेवते. त्या विकाव्यात, तेथे इमारती उभाराव्यात! हे मत व्यवहारी वाटते. परंतु ते बाबासाहेबांच्या अनुयायांच्या तोंडी शोभत नाही.

१९१७ साली बडोद्यात काय घडले? कोलंबिया विद्यापीठात शिकून संस्थानच्या सेवेत रुजू झालेल्या बाबासाहेबांना पारशी विश्रामगृहातून लाठीधारी जमावाने बाहेर काढले. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्यानेही आसरा दिला नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्या पदवीधराला बसायला जागा मिळाली ती कामाठी बागेत, सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या सार्वजनिक उद्यानात. खोलीला मालक असतो आणि मालक जात विचारू शकतो. बाग सर्वांची होती, म्हणून तिच्या दारात हा प्रश्न आडवा आला नाही. ज्यांचे आजोबा-पणजोबा सार्वजनिक पाणवठ्याच्या हक्कासाठी महाडला चालत गेले, त्यांना 'सार्वजनिक' या शब्दाची किंमत निराळी समजावून सांगावी लागू नये.

आता याच शहराचा इतिहास पाहा. १९७१ साली हंटर्स हिल येथील केलीज बुश हे नदीकाठचे रान वाचविण्यासाठी १३ स्त्रियांनी सरकारदरबारी खेटे घातले. दाद मिळाली नाही. तेव्हा त्यांच्या मदतीला धावली ती बांधकाम मजुरांची संघटना, बिल्डर्स लेबरर्स फेडरेशन. जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखालील या मजुरांनी तेथे काम करण्यास नकार दिला. वस्ती श्रीमंतांची, मजुरी मात्र गरिबांची बुडणार होती! तरीही ते हटले नाहीत. हाच पहिला 'ग्रीन बॅन'. पुढच्याच वर्षी सेंटेनियल पार्कमध्ये क्रीडासंकुल उभारण्याचा बेत याच अस्त्राने रोखला गेला.

हे मजूर घरांचे शत्रू होते काय? मुळीच नाही. केलीज बुशवर येणार होती ती आलिशान निवासस्थाने. उलट 'द रॉक्स' भागातील अल्प उत्पन्नाच्या रहिवाशांची घरे पाडण्यासही याच संघटनेने बंदी घातली. विकलेल्या बागेवर गरिबाचे घर उभे राहते, हा भ्रम त्यांना कधीच झाला नाही. आपल्यालाच तो का व्हावा?

शिवाय हवेचा हिशेब आहेच. ४ जानेवारी २०२० रोजी पेनरिथला पारा ४८.९ अंशांवर गेला. समुद्राचे वारे पश्चिम उपनगरांत पोहोचेपर्यंत क्षीण होतात आणि आपली बहुतेक कुटुंबे तिकडेच राहतात. झाडाची पाने पाणी बाष्परूपाने सोडताना भोवतालची उष्णता शोषून घेतात. डांबर व काँक्रीट ती साठवून रात्री परत करतात. ज्याच्या घरी वातानुकूलन आहे त्याला हा फरक जाणवणार नाही. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला, नातवंडे सांभाळण्यासाठी गावाहून आलेल्या आजीला तो रोज जाणवतो. तिच्यासाठी पार्क हेच अंगण.

(ही भूमी मूळची गडिगल आदी जनांची, त्यांच्याकडून हिरावलेली, हेही आपण विसरू नये. सार्वजनिक जमीन विकणे म्हणजे ती लूट कायमची खासगी करणे होय.)

जमीन अडली आहे अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी ती कोणासाठी अडली आहे तेही विचारावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारने मूर पार्क येथील १८ होलचे गोल्फ मैदान निम्म्यावर आणून सुमारे २० हेक्टर जागा खुल्या उद्यानासाठी देण्याचे जाहीर केले, तेव्हा गोल्फप्रेमींनी लगेच आवाज उठवला. अशा प्रसंगी नागरिकांकडून लेखी सूचना मागविल्या जातात. त्या गठ्ठ्यात आपल्या घरांतून गेलेली पत्रे किती असतात?